शाईची गोळी

संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली, तेव्हा कुठे पाड्यावर पाणी आहे की नाही हे बघायला जव्हारहून साहेब आले. नसेल तर सरकार विहीर देणार होतं. म्हणून देवजीने घरातला एकुलता एक भरला हंडा नाचणीच्या कणगीमागे लपवला. बायकोने, बुधीने, तो पहाटे दोन डोंगर उतरून आणला होता.

साहेबांनी घाम पुसत आधी प्यायलाच पाणी मागितलं.

"थेंब नाय, सायेब," देवजी म्हणाला. दारी आलेल्याला पाणी नाही म्हणायची ही त्याची पहिलीच वेळ. मान खाली गेली ती वर येईना.

"बरं, तसंच लिहितो," म्हणून साहेबांनी दौत उघडली. शाई उन्हाने पार वाळली होती. त्यांनी खिशातून शाईची गोळी काढली. "हिला भिजवायला चमचाभर तरी पाणी लागेल."

"पेन्सिलीनं लिवा ना."

"सरकारात पेन्सिल चालत नाही."

देवजीने बुधीकडे पाहिलं. "माझ्याकडं काय बघतोस?" ती पुटपुटली. "तहानेल्या माणसाला नाय दिलंस, आता गोळीला पाजशील?"

देवजीला ते लागलं. त्याने हंडा बाहेर आणला, साहेबांना तांब्याभर पाजलं आणि मग गोळीला.



साहेबांनी टाक बुडवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पाड्यावर पाणी आहे. चवीला गोड आहे.'