रंध्याचा फोटो

लिलाव संपायला चाळीस मिनिटं उरली होती, आणि विकणारा अजून रंध्याच्या तळाचा फोटो देत नव्हता.

"तीनदा मागितला," मोहिनी म्हणाली. "म्हणतो, माल गोडाऊनला हाय. आज निघणार न्हाई."

तिची आई, सत्यभामाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. "मग सोड की."

मोहिनीला सोडवत नव्हतं. आयटीआयचं सुतारकाम शिकून ती चौसाळ्याला परतली होती, लिंबागणेश गावच्या शाळेची दोन दारं करायचं काम तिला मिळालं होतं आणि लाकूड तासायला हातात धड रंधा नव्हता. नव्या रंध्याचं पातं चार दिवसांत बोथट व्हायचं. जुन्या पोलादाची सर त्याला नव्हती. म्हणून ती फोनवर जुन्या हत्यारांचे लिलाव बघायची. मागे एकदा तिनं अशीच पटाशी मागवली होती. मूठ सुरेख पॉलिश केलेली आली, पातं मात्र नुसता पत्रा. तेव्हापासून ती दहा गोष्टी विचारल्याशिवाय बोली लावत नसे.

"खातं मागच्या आठवड्यातलं," ती स्वतःशीच मोजत होती. "फोटो एकच. अन् पैसे आधी भलत्याच नंबरावर टाका म्हणतो. लबाडच दिसतोय." तरीही तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. लोखंडाला कुठं तडा दिसतो का, ते तिला बघायचं होतं.

सत्यभामाबाई सहज वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"जरा बाजूला सरकव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फोटू. कडंला घे."

मोहिनीनं फोटो सरकवला. रंधा मागच्या बाजूनं कुणीतरी धरला होता. मनगटापर्यंतचा हात आणि अंगठा. अंगठ्याचं नख मधोमध चिरून दोन फाकांत वाढलेलं.

ते नख मोहिनीनं ओळखलं. हातामागे दाराच्या चौकटीचा निळा रंग दिसत होता. आत्ता तिची पाठ त्याच चौकटीला टेकली होती.

तीन वर्षांपूर्वी तिचे वडील गहिनीनाथ सुतार आजारी असताना त्यांनी आपली हत्यारं विकायला काढली होती. रंधा हातात धरून ते याच ओट्यावर बसले होते आणि जाहिरातीसाठी फोटो मोहिनीनंच काढला होता. रंधा दोन दिवसांत गेला. गहिनीनाथ दिवाळीनंतर गेले. ज्यानं फोटो काढला तो फोन पुढं हौदात पडला आणि त्यातलं काहीच वाचलं नाही. आता घरात त्यांचा एकच फोटो होता, आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला. त्यात फक्त चेहरा होता.

"आपलाच फोटो उचललाय यानं," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज तापला होता. "रंधा ह्याच्यापाशी न्हाईच. थांब, तक्रार टाकते, आत्ता बंद पडतंय ह्याचं दुकान."

"नको."

"आई, कुणीतरी पैसे भरून बसंल."

"टाक की मग. पण आदी माजं आईक." सत्यभामाबाईंनी पदराला हात पुसले. "तवा तू तीन-चार फोटू काढलतेस. एकात ते वर बगून हसलते. तू म्हणलीस, आबा, रंध्याकडं बघा, तवा हसलते. ह्यानं हा फोटू जितनं घेतला, तितं तोबी आसंल."

"तो चोर हाय. त्याला काय विचारायचं?"

"तू नको. मी बोलते. कुटं दाबायचं तेवढं दाखव."

मोहिनीनं फोन त्यांच्या तोंडापुढं धरला.

"भाऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या, "आमाला रंधा नको. तुमच्याकडं तो न्हाई, ते आमाला ठावं हाय. भांडायचं न्हाई मला. ज्याच्या हातात रंधा हाय त्या मानसाचं तोंड दिसतंय असा एक फोटू तितंच आसंल. तुमाला घावला आसंल तर तेवढा धाडा."

निरोप गेला. ऐकल्याची खूण उमटली. शेंगांची टरफलं वाऱ्यानं ओट्यावर सरकत राहिली.

उत्तर आलं तेव्हा लिलावाला अकरा मिनिटं बाकी होती.

"मावशी, मला हा हाताचाच मिळाला. तोंड दिसणारा नव्हता."

मोहिनी त्यावर काही लिहिणार, तोच रंधा, बोली, विकणाऱ्याचं नाव, सगळं पडद्यावरून गेलं. त्यानं स्वतःच जाहिरात काढून टाकली होती.

"गेला?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"हाताचा फोटो न्हाई गेला. मी आधीच जपून ठेवलाय."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सूप पुढं ओढलं. पण शेंग हातातच राहिली.

अंधारायच्या आधी मोहिनीला दुसरा रंधा सापडला. आष्टीच्या विठ्ठलराव नावाच्या म्हाताऱ्या सुतारानं ठेवलेला. पाच फोटो होते, तळाचा, पात्याचा, दोन्ही अंगांचे, शेजारी त्याच दिवसाचं वर्तमानपत्र ठेवलेलं. खाली त्यानं आपणहून लिहिलं होतं, पात्याचा एक कोपरा उडालाय, घासून घ्यावा लागेल. मोहिनीनं फोन केला, तर म्हातारा म्हणाला, "पोरी, येऊन हातात धरून बघ. पटला तर ने."

"हा खरा मानूस वाटतो," मोहिनी म्हणाली. "उद्या जाऊन येते. तू बघ की एकदा."

सत्यभामाबाईंनी फोन घेतला. पाचही फोटो त्यांनी एकेक करून सरकवले. शेवटाला पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून बघितले, सावकाश, कडेकडेनं.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला. "नुस्ता रंधाच हाय."