गजेंद्राची हाक

पूर्वाची पीएचडी ज्युरीच्या मनावर होती. साक्षीदाराचा चेहरा, आवाज, डोळ्यांतलं पाणी बघून ती बारा माणसं कुणावर विश्वास ठेवतात, याचा तिचा चार वर्षांचा अभ्यास. आणि आता खटला तिच्याच भावाचा होता. ब्लँचर्डस्टाउनच्या क्रॉसिंगवर गाडीच्या धडकेत आलोक गेला, तेव्हा गाडीसाठी सिग्नल लाल होता, हे पाहणारी एकटी आई होती. सांगलीच्या कीर्तनकार उर्मिलाताई, तेव्हा परदेशी लेकाकडे महिनाभर राहायला आलेल्या.

"अगं, काय सांगायचं ते नाही शिकवत मी. कसं सांगायचं, तेवढंच," पूर्वा रोज त्यांना समोर बसवून म्हणायची. "त्यांच्याकडे बघ. डोळे भरून आले तर येऊ देत, लपवू नकोस."

"बरं," एवढंच त्या म्हणायच्या.

साक्षीच्या दिवशी त्या दुभाष्याला कुणाचा तरी पत्ता सांगावा, इतक्या कोरडेपणाने बोलल्या. ज्युरीतल्या कुणाच्याच चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. गाडीवाला निर्दोष सुटला.

घरी आल्यावर पूर्वाचा बांध फुटला. "गजेंद्रमोक्षाच्या आख्यानात त्या हत्तीच्या एका हाकेवर तू अख्खं देऊळ रडवतेस, आई! स्वतःही रडतेस. मग आज पोटच्या पोरासाठी एक टिपूस नाही आलं तुला?"

उर्मिलाताईंनी तिला जवळ बसवलं.



"गजेंद्राने हाक मारली की देव धावत येतो, हे मला ठाऊक असतं गं. आलोकने हाक मारली, तेव्हा तिथे फक्त मी होते."