गॅसचे अर्धे पैसे

"वहिनी, हे पैसे मी घेणार नाही," बाळकृष्ण म्हणाला आणि त्याने हात मागे घेतला.

रजनीने नोटा टेबलावर ठेवल्या. पंख्याने उडू नयेत म्हणून वर पाण्याचा पेला ठेवला. "मागच्या महिन्याच्या गॅसचे अर्धे आहेत, भावजी," एवढंच बोलून ती शेजारच्या आपल्या क्वार्टरमध्ये निघून गेली.

तिचा नवरा श्रीकांत उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून ती दोन्ही घरांच्या सामाईक गाडीत एकदाही बसली नव्हती. पण महिना उलटला की पैसे आणून द्यायची.

श्रीकांत आणि बाळकृष्ण भोपाळच्या कारखान्यात एकाच तुकडीत लागले होते. एक सांगलीचा, दुसरा नाशिकचा. टाउनशिपमध्ये दोघांना क्वार्टर मिळाली ती भिंतीला भिंत लागून. पुढे लग्नं झाली, दोन्हीकडे मुलं झाली आणि रविवारी बाहेर पडायचं म्हटलं की स्कूटर पुरेनात. तेव्हा निवृत्त होऊन निघालेल्या एका साहेबांची जुनी कॉन्टेसा दोघांनी मिळून घेतली. एकट्याला ती झेपणारी नव्हतीच. आठ माणसं तिच्यात दाटीवाटीने मावायची. पेट्रोल मात्र इतकं लागायचं की पहिलं वर्ष ती बहुतेक ताडपत्रीखालीच उभी राहिली.

मग श्रीकांतने अशोका गार्डनमधल्या एका मेकॅनिककडून गॅसचं किट बसवून घेतलं. टाकीने डिकी भरून गेली, बॅगा मांडीवर घ्यायची पाळी आली, पण खर्च निम्म्यावर आला. दोन घरांत वाटला की आणखी निम्मा. "मोठ्या गाडीतून फिरतो आणि खर्च स्कूटरचा," श्रीकांत भेटेल त्याला सांगायचा. सांची झालं, विदिशा झालं, एका दिवाळीत तर सगळे थेट नागपूरला जाऊन आले. रोज कामावरही दोघं तिच्यातूनच जायला लागले. चालवायचा श्रीकांत. बाळकृष्ण शेजारी बसून पेपर वाचायचा.

मुलं शिकून पुण्याला, बंगळूरला गेली. गाडी चौघांची उरली. आणि एके दुपारी कारखान्यातच श्रीकांतच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"पगार गेला, नुसत्या पेन्शनवर आहे ती," रजनी पैसे ठेवून गेली त्या संध्याकाळी टेबलावरच्या नोटांकडे बघत अनुराधा नवऱ्याला म्हणाली. "आणि आपण तिच्याकडून गॅसचे पैसे घ्यायचे? बरं दिसत नाही ते."

"मी कुठे मागतोय? सांगून बघितलं. ऐकत नाहीत त्या."

"ऐकणार नाहीच ती. गाडी आहे तोवर देतच राहणार."

"मग गाडीच नको," बाळकृष्ण म्हणाला. हे त्याच्या तोंडून जरा लवकरच निघालं. खरं तर त्यालाही ती गाडी सोसवत नव्हती. आता तोच चालवायचा आणि शेजारची सीट रिकामी असायची. काम सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाशी त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, श्रीकांत मागून येतोय असं वाटून. पण हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. वहिनींच्या डोक्यावरचा भार उतरवायचा, एवढंच कारण त्याने स्वतःपाशी धरलं.

करोंदच्या मंडीतला एक धान्याचा व्यापारी गाडी बघायला आला. दोन भाऊ आणि म्हातारे वडील बरोबर होते. चौघं आत बसले, पाय लांब केले, खूश झाले.

"साब, इतनी बड़ी गाड़ी है. चलाने में क्या पड़ती है?"

"गैस पे है," बाळकृष्ण म्हणाला. "स्कूटर का खर्चा..." एवढं बोलून त्याने किल्ली पुढे केली. व्यापाऱ्याला तेवढं पुरलं. शनिवारी सकाळी रोख पैसे देऊन तो गाडी घेऊन गेला.

संध्याकाळी बाळकृष्ण रजनीकडे गेला. ती ओट्यापाशी उभी होती, खिडकीकडे तोंड करून. चाहूल लागली तशी वळली.

"आज उशीर झाला गाडीला?" तिने विचारलं.

"गाडी विकली, वहिनी. करोंदच्या एका माणसाला. हा तुमचा अर्धा वाटा." त्याने पैसे ओट्यावर ठेवले. "आता दर महिन्याची ती कटकट नको तुम्हाला. मला आधीच सुचायला हवं होतं."

रजनीने स्टूल ओढलं आणि ती बसली.

"मला विचारायचं होतंत, भावजी."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्ही बसतच नव्हता गाडीत," तो चाचरत म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला ती डोळ्यांसमोरसुद्धा नको असेल. उगाच पैसे मात्र भरताय."

"बसले असते तर यांच्या जागेवर तुम्ही दिसला असतात." तिने खिडकीकडे बोट केलं. बाहेर कॉलनीच्या रस्त्याचं वळण होतं आणि त्यावर उतरतं ऊन पडलं होतं. "इथून गाडी तिकडे वळताना दिसते. या वेळी उन्हाने तिची काच चकाकते, आत कोण बसलंय ते कळत नाही. त्या वळणापासून तुमच्या दारापर्यंत गाडी येईतो माझ्यासाठी हे आत असायचे. तेवढ्याचेच पैसे देत होते मी."