चांगल्या प्रसंगाचं अत्तर

उदयसिंहांनी खिळ्यावरची कपाटाची किल्ली काढली, तेव्हा रेश्माच्या हातातली पोह्यांची बशी कलली.

"आज काढताय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मग कधी? लेकीची सुपारी फुटतीय आज. ह्याच्यापेक्षा चांगला प्रसंग कुठला?"

बाहेर हॉलमध्ये मंद्रूपचे पाहुणे बसले होते. अंकिताचा होणारा नवरा पृथ्वीराज, त्याचे वडील रामहरी, आई सोजरबाई आणि दोन चुलते. बोलणी झाली होती. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती.

कपाटात ती उदाच्या अत्तराची बाटली होती. चौदा वर्षांपूर्वी उदयसिंहांच्या मित्रानं दुबईहून आणलेली. बोटभर उंच, काचेच्या बुचाची, मखमली डबीत बसलेली. उदयसिंहांनी ती आल्या दिवशीच कपाटात ठेवली, चांगल्या प्रसंगासाठी. मग प्रसंग येत गेले आणि एकही चांगला निघाला नाही. वास्तुशांतीला नको तेवढी गर्दी होती. धाकट्या भावाचं लग्न म्हणजे शेवटी भावाचं. स्वतः हेडक्लार्क झाले, पण बदली मैंदर्गीला झाली, म्हणून तेही बाद. दर रविवारी मात्र ते आंघोळ करून डबी काढत, बूच जरासं उचलत, डोळे मिटत आणि म्हणत, "ऊद. अस्सल." एकदा रेश्मानं नाक पुढं केलं, तर त्यांनी बूच लावून टाकलं.

"तुला काय कळतंय त्यातलं? फोडण्यांचा वास घेऊन नाक मेलंय तुझं."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर त्या मेलेल्या नाकाच्या बाईनं कपाट उघडलं आणि एक थेंब कानामागं लावला. मग तिनं भाकरी थापल्या, धुणं वाळत घातलं, शेंगा फोडल्या. दिवसभर ती स्वतःशीच खूश होती. इतक्या वर्षांत असा दिवस गेला नव्हता. मग रोज एक थेंब. भाजीवालीनं विचारलं, शेजारणीनं विचारलं. उदयसिंहांनीही एकदा विचारलं, "साबण बदललास का?" ती म्हणाली, "व्हय."

वर्षभरात बाटली संपली. रेश्मानं तिच्यात कोरा चहा भरला, पाणी घालून रंग जुळवला. बुरशी धरते म्हणून महिन्याला बदलायची सवय लावून घेतली. वासाची सवय मात्र सुटेना, म्हणून गच्चीवर फुटक्या बादलीत गावठी गुलाब लावला. त्याचं एक फूल रोज तिच्या केसांत असे. उदयसिंहांचे रविवार चालूच होते. तेरा वर्षं हा माणूस डोळे मिटून चहाचा वास घेत होता आणि त्याला अस्सल म्हणत होता. रेश्माला आधी भीती वाटायची, मग हसू यायचं, मग काहीच वाटेनासं झालं.

आज भीती परत आली. कारण रामहरींनी आल्या आल्या सांगितलं होतं, "अत्तरातलं आमाला लई कळतंय. आमच्यातबी एक बाटली हाय, हैदराबादची. उगं कुणालाबी दावत न्हाय आमी." असा माणूस फसणार नव्हता. हातावर चहा लावला म्हणून पाहुणे उठून गेले, तर बोल अंकितालाच लागणार होता. अंकिता आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या करत होती. तिला मुलगा मनापासून आवडला होता.

उदयसिंहांनी बाटलीची सगळी कहाणी सांगितली. मग कापसाचा बोळा भिजवून रामहरींच्या मनगटावर फिरवला. रामहरींनी हात नाकाशी नेला. डोळे मिटले. रेश्मा दारातच थांबली.

"ऊद," रामहरी म्हणाले. "पण मागनं गुलाब येतोय."

"तीच तर खुबी हाय त्याची," उदयसिंह म्हणाले. ही खुबी त्यांना आत्ताच कळत होती. गुलाब तीन पावलांवर रेश्माच्या केसांत होता.

मग कुणालाच मागं राहून चालेना. थोरल्या चुलत्यांना केशर लागलं. धाकट्यांना कस्तुरी लागली आणि ती सोसेना म्हणून त्यांनी रुमाल काढला. पृथ्वीराजनं मनगट हुंगलं, वडिलांकडे पाहिलं आणि "स्ट्राँग आहे," म्हणाला. उदयसिंहांची छाती फुगली. चौदा वर्षं राखल्याचं चीज झालं होतं.

"बायकांना तू लाव," म्हणत त्यांनी बाटली रेश्माच्या हातात दिली.

बायकांत होत्या एकट्या सोजरबाई. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसलेल्या, सकाळपासून फारसं न बोललेल्या. रेश्मानं त्यांच्या मनगटाला बोळा लावला. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग रेश्माच्या हातातली बाटली घेऊन खिडकीच्या उजेडात धरली आणि आतला रंग बराच वेळ बघत राहिल्या.

"काय गं, कसं हाय?" रामहरींनी तिकडून विचारलं.

"लई भारी हाय," सोजरबाई म्हणाल्या. "फोडा की सुपारी. कुणाची वाट बघताय?"

सुपारीवर अडकित्ता बसला. पुरुष हसू-बोलू लागले. सोजरबाईंनी बूच घट्ट लावलं, बाटली रेश्माच्या हातात परत दिली आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"विहीणबाई, चहा जरा कमी टाकत जावा. आमच्या ह्यांच्या बाटलीत मी अर्ध्या चमच्यात भागवते."