रेषा नसलेला अंगठा

"मावशी, या घराचा अर्ज आधीच आलाय," खिडकीपलीकडची कारकून म्हणाली आणि तिनं फायलीतला एक कागद त्यांच्यापुढे सरकवला.

मावशी घर आपल्या नावावर करून घ्यायला आल्या होत्या. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. गल्लीतल्या एका बाईचं घर परस्पर विकलं गेलं, तिला पत्ता लागला तो कुलूप बदलल्यावर. तेव्हापासून मावशींच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मुलगा म्हणायचा, घाई काय आहे, मी बघतो. शेवटी आज त्या एकट्याच निघून आल्या.

कारकुनीनं कागद वाचून दाखवला. मरणाच्या महिनाभर आधी त्यांच्या नवऱ्यानं घर एका दलालाला विकलं होतं. दोन साक्षीदार होते. खाली अंगठा होता. आठवड्याभरात कुणी हरकत घेतली नाही, तर घर दलालाच्या नावावर चढणार होतं.

मावशींनी चष्मा पदराला पुसला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"हा ह्यांचा अंगठा नाही."

असं म्हणणारी माणसं कारकुनीला रोज भेटत. नुसतं म्हणून भागत नाही, काहीतरी दाखवावं लागतं, असं तिनं शांतपणे समजावलं.

मग मावशींनी सांगितलं. नवरा गवंडी होता. चाळीस वर्षं हात सिमेंटमध्ये. बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. बँकेतलं यंत्र त्याचं बोट घेईना, तेव्हा तो हसून म्हणाला होता, आपण अंगठाछापसुद्धा राहिलो नाही. हे सांगताना त्यांना हसू आलं नाही. पिशवीतून त्यांनी बँकेच्या जुन्या अर्जाची प्रत काढली. त्यावर बँकेचा शिक्का होता आणि अंगठ्याच्या जागी नुसता निळा डाग.

कारकुनीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकीकडे डाग, दुसरीकडे रेषा न् रेषा मोजून घ्यावी असा ठसा. ती उठून साहेबांकडे गेली. साहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि हरकत नोंदवून घ्यायला सांगितलं. व्यवहार थांबला.

मावशींनी खिडकीच्या कठड्याला धरून श्वास सोडला.

हरकतीच्या अर्जात एक रकाना होता, संशय कुणावर आहे त्याचा. माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहू, असं कारकून म्हणाली. व्यवहार तसाही थांबलाय. पण माणूस मोकळा राहिला तर उद्या दुसरा कागद करील, हेही तिनं सांगितलं.

मावशी पुन्हा त्या ठशाकडे बघत होत्या. रेषांच्या मधून एक पांढरी तिरकी चीर गेली होती. मुलगा सात वर्षांचा असताना खिडकीची काच बसवणाऱ्या बापाच्या मध्ये मध्ये करत होता. दवाखान्यापर्यंत त्याचा अंगठा त्यांनी आपल्या मुठीत आवळून धरला होता. तीन टाके पडले होते. त्याच्यापेक्षा त्याच जास्त रडल्या होत्या.

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

"अज्ञात लिहू ना?" कारकुनीनं विचारलं.

"नको," मावशी म्हणाल्या. "अंगठा माझ्या मुलाचा आहे."

त्यांनी त्याचं नाव सांगितलं. बापाचं नावही मध्ये घातलं, शाळेत घालताना सांगितलं होतं तसं. कारकुनीचं पेन क्षणभर थांबलं. मग तिनं मान खाली घालून लिहिलं. मावशींनी जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या.

त्यांचा स्वतःचा अर्जही कारकुनीनं लगेच पुढ्यात ओढला. पुढचे नंबर थांबले होते, तरी तिनं घाई केली नाही. मृत्यूचा दाखला जोडला, घरपट्टीची पावती जोडली, पत्ता तपासला. पाणीसुद्धा मागवलं. मावशी ते प्यायल्या नाहीत, पेला हातात धरून राहिल्या.

"आता शेवटचं," कारकून म्हणाली. "मोबाइल नंबर सांगा. इथून पुढे या घराच्या कागदाला कुणी हात लावला, तर लगेच त्या नंबरवर मेसेज येईल."

मावशी आकडे सांगू लागल्या. एक-एक आकडा, न अडखळता. सातव्या आकड्याला थांबल्या.

कारकुनीनं वर पाहिलं. "पुढे?"

"हा त्याचा आहे," मावशी म्हणाल्या. "मला एवढाच पाठ आहे."