धोंडा

“मावशी, महिना कोणता चाललाय?”

“धोंडा.”

शहरात वाढलेल्या डॉक्टर समिधाला दगडच आठवला. पक्षाघाताची तीव्रता गुणांनी मोजतात. जितके गुण जास्त, तितका मेंदूला बसलेला मार मोठा. चुकलेल्या उत्तराचा एक गुण तिने मांडला.

“बरोबर आहे की, मॅडम!” खाटेशी उभा असलेला म्हातारीचा जावई कळवळून म्हणाला. “अधिक महिना म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना. त्यात जावयाला जेवायला बोलावतात. मला अनारसं वाढता वाढताच आत्या कोसळल्या.”

समिधा ओशाळली. तिने तो गुण खोडला, आणि खोडताना तिला बरंच वाटलं. बाई भानावर होत्या. झटका कदाचित वरवरचाच असेल.

मग तिने म्हातारीचा लुळा डावा हात उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला. “हा हात कोणाचा, मावशी?”

म्हातारीने तो नीट न्याहाळला. “जावईबापूंचा. सोडा त्यांना, जेवायचे राहिलेत.”

समिधाने आशेने जावयाकडे पाहिलं. धोंड्यासारखाच याही उत्तराचा काही अर्थ त्याला ठाऊक असेल, असं तिला वाटलं.

त्याने नुसताच तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.