साळिंदराचं मुक्कामघर

“सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही,” ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीतून ओडेलने सुरुवात केली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीआड शेंगा मोडत बसलेल्या त्याच्या बायकोने, आयोनाने, कपाळाला हात लावला.

झालं. गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि हा आता गोष्टीत पुन्हा कटाडिन डोंगर चढणार.

गिऱ्हाईक म्हणजे रेनी. ओहायोची नर्स, खांद्याने रुंद, बोलायला कमी. जॉर्जियापासून पार मेनपर्यंत डोंगरांच्या माथ्यांवरून जी लांबच लांब पायवाट जाते, तिच्यावरच्या वाटसरूंसाठीचं हे मुक्कामघर तिला विकत हवं होतं. ओडेलने सांगितलेली किंमत तिला मान्य. छप्पर गळतं, मान्य. वाटसरूंच्या निजायच्या खोलीत पन्नास वर्षांच्या मोज्यांचा वास मुरलाय, तोही तिने छातीभर ओढून घेतला आणि म्हणाली, मान्य! आयोनाला तर तिथल्या तिथे किल्ली तिच्या गळ्यात बांधावीशी वाटली होती.

आयोनाचे गुडघे गेले होते. वरच्या खोलीचा जिना ती हल्ली बसून, एकेक पायरी सरकत उतरायची. खाली गावात, नदीकाठी, एकही पायरी नसलेलं घर तिने हेरून ठेवलं होतं. त्याची मालकीण पानगळ सरेपर्यंत थांबणार होती, त्यापुढे नाही. आणि डोंगरांवरची पानं तर लाल व्हायला लागली होती.

पण ओडेलची अट. जो सगळी वाट पायी पुरी करून आलाय, त्यालाच घर मिळणार. एक पाऊलही गाळलेलं चालणार नाही. या अटीपायी दातांचा डॉक्टर परत गेला, मेम्फिसचं जोडपं रुसून गेलं.

“ज्यांच्याकडे पैसा आहे ते चाललेले नाहीत, आणि जे चाललेत त्यांच्या खिशात भोकाशिवाय काही नाही,” आयोना त्याला दर रविवारी चर्चमधून येताना ऐकवायची.

“साळिंदराच्या घरात अर्धवट माणूस नको,” तो म्हणायचा.

वाटेवर खरं नाव कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. सोबतचे लोक ठेवतील ते टोपणनाव, तीच ओळख. या वाटेवर चिटपाखरू नसायचं त्या काळात साळिंदर एकट्यानेच ती पुरी करून आलं, आणि मग इथे मुक्कामघर निघालं. दारावर साळिंदराची पाटी, पाटीखाली छातीभर दाढीचा ओडेल. येणारा प्रत्येक जण त्याचाच हात भक्तिभावाने हातात घ्यायचा.

“तू सगळी चाललीस ना, पोरी?” ओडेलने विचारलं.

रेनी म्हणाली, “व्हर्जिनियात ताप भरला होता. एका दिवसाची वाट ट्रकमधून गेले. बाकी सगळी पायी.”

“ट्रकमधून!” विक्री टळल्यासारखा ओडेलचा चेहरा उजळला. “मग संपलं की!”

“अरे, तिला ताप होता!” खिडकीतून आयोना ओरडली.

“मला नव्हता? मेनमध्ये माझं अंग एवढं तापलेलं, की बर्फात पाय टाकला की चर्र वाजायचं. अस्वलं शेकायला शेजारी येऊन बसायची.”

“अस्वलं कुठली! मूस जातीचं एक हरीण होतं, तेही ओढ्यापलीकडे.”

“तो ओढा मी ओंडक्यावरून एका दमात—”

“ओंडका वाहून गेला होता. कमरेइतक्या पाण्यातून. पिशवी डोक्यावर.”

आयोनाने शेंग अशी मोडली, की दाणे भिंतीवर उडाले. ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. तिच्याइतकी ती कुणालाच येत नव्हती. आणि इतकी वर्षं सांगूनही या माणसाला ती धड सांगता येऊ नये! घर विकलं जात नाही ते नाहीच, वर हा छळ.

रेनी आता ओडेलकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघत होती.

“वाटेच्या शेवटी कटाडिनवर खडक लागतात,” तिने सहज विचारलं, “तिथून पिशवी कशी नेलीत?”

“पाठीवर. आणखी कशी? दोरी धरली आणि सरसर वर!”

“दोरी नाही तिथे, लोखंडी गज आहेत,” आत पातेलं आपटलं. “आणि पाठीवर पिशवी घेऊन त्या फटीत माणूस अडकतो. ती आधी वर ढकलायची. ती गडगडत परत तोंडावर येते, मग पुन्हा ढकलायची. किती वेळा सांगायचं तुला?”

“गोष्ट कोण सांगतंय, तू की मी?” ओडेल खेकसला. “तर पोरी, वर पोचलो. लख्ख ऊन. माथ्यावरच्या पाटीला मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडलो.”

“ऊन! हात समोर धरला तर दिसत नव्हता. आणि रडतंय कोण? एकच विचार, की बोटं सुन्न झालीत, आता उतरायचं कसं.”

रेनीने कॉफीचा कप कठड्यावर ठेवला.

“मिस्टर ओडेल, थापा मारताय तुम्ही. या वाटेवर तुम्ही एक मैलसुद्धा चाललेला नाहीत.”

झुलती खुर्ची थांबली. रेनी खिडकीकडे वळली.

“अट साळिंदराची आहे ना? मग साळिंदरालाच विचारते. आयोनाबाई, एक दिवस ट्रकमधून गेलेली बाई तुम्हाला चालेल का?”